ओबदुलियाच्या अंगणातली पेटी

आपल्याच शेजारणीवर पाळत ठेवायची वेळ तुमच्यावर कधी आली आहे? माझ्यावर आली, आणि मला त्याची लाज वाटत नाही. वाळवंटातल्या सॉल्टन सरोवराच्या या काठावर राहायचं तर संशय घेता आला पाहिजे. पाणी आटतंय म्हणून आम्ही ओरडलो, तर साहेब म्हणाले, भरेल. मेलेल्या माशांनी किनारा पांढरा झाला, तर म्हणाले, उन्हाळा आहे. शेतांचं पाणी दूरच्या शहराकडे वळवलं, शेतांतून झिरपून सरोवरात येणारं कमी झालं, सरोवर मागे मागे सरकलं आणि उघड्या पडलेल्या तळाची खारी धूळ आमच्या छातीत येऊन बसली. तरी म्हणाले, पुरावा दाखवा.

पुराव्यासाठी हवा तपासणाऱ्या सरकारी खात्याने एक पेटी आणली. ती हवा आत ओढते आणि किती धूळ आली ते सांगते. आकडे वाईट आले तर आमच्या बाजूच्या कोरड्या तळावर चर खणून झुडपं लावायची, धूळ दाबायची. चांगले आले तर काम दुसरीकडे जाणार. ती पेटी लावली माझ्या शेजारणीच्या, ओबदुलिया मार्सेलिनोच्या अंगणात; वडीलधारी म्हणून आम्ही तिला मानाने दोन्या म्हणतो.

ओबदुलिया सीमेपलीकडच्या मिचोआकानच्या डोंगरातून नवी नवरी होऊन या वाळवंटात आली. द्राक्षं तोडली, मिरच्या तोडल्या, गुडघे गेले तेव्हा शेडमध्ये बसून खजूर निवडले. नवरा फिदेन्सियो रविवारी याच सरोवरात गळ टाकायचा, आणि संध्याकाळी तिच्या चुलीवर मासे तळले जायचे. आता तो खिडकीशी बसतो, हातात दम्याचा पंप. बोलतो कमी, कारण बोलायला श्वास लागतो. तिचं घर म्हणजे आमच्यासारखाच पत्र्याचा जुना ट्रेलर, पण अंगण असं की चप्पल काढून जावंसं वाटतं. बादलीत हात बुडवून सडा टाकायचा, ताडाच्या झावळीने झाडायचं, मग दिवस सुरू. तिच्या माहेरी ज्या बाईचं अंगण कोरडं तिला आळशी म्हणतात.

पेटीचे आकडे आले. हवा चांगली!

ज्या दुपारी समोरचा ट्रेलर दिसत नव्हता, त्या दुपारीही चांगली. वस्तीत आग लागल्यासारखं झालं. खजुराच्या झाडांवर चढणारा क्रिस्पीन पाण्याच्या नळाशी मोठ्याने म्हणाला, "दोन्याकडे नवा कूलर आलाय म्हणे. आपल्याकडे धूळ, तिच्याकडे गारवा!"

"अरे, जावयाने आणला तो," मी म्हटलं.

"जावयाने? की पेटीवाल्या साहेबाने? कोणाचा जावई कोण, ते तू शोध. मोठी पुढारीण ना तू!"

मला राग आला. दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटायच्या आधी मी तिच्या कुंपणामागच्या झाऊच्या झुडपाच्या आडोशाला जाऊन उभी राहिले.

क्षितिजावर पिवळट भिंत उठली. ओबदुलिया बाहेर आली, अंगणभर पाणी शिंपडलं. मग आपली शाल बादलीत बुडवली, पिळली आणि पेटीवर पांघरली. कोपरे नीट खोचले, तापलेल्या मुलाला पांघरूण घालावं तसे.

मी कुंपण ओलांडून आत. "दोन्या! कोणी सांगितलं झाकायला?"

ती दचकली. "अगं बाई, तू! सांगायला कशाला हवं? परक्याची वस्तू आपल्या दारात ठेवलीय. वाऱ्याची धूळ आत गेली तर बिघडेल ना. मग मलाच विचारतील, ओबदुलिया, काय केलंस?"

"कूलर कोणी दिला?"

"रोकेने. माझ्या जावयाने. हे विचारायला कुंपण ओलांडलंस?"

"अहो, धूळ आत जावी म्हणूनच ती ठेवलीय! तीच मोजतात!"

तिने पेटीकडे पाहिलं, मग शालीकडे. "म्हणजे हिला धूळ खायला बसवलं होतं? आणि मी हिला जपत बसले?"

आतून फिदेन्सियोचा खोकला आला. लांब, थांबेचना. ती आत गेली नाही. हात पुढे करून तिने शाल ओढून काढली आणि वाऱ्यात उभी राहिली. आमच्या दोघींच्या तोंडात मीठ आलं.

त्या दिवसापासून तिने अंगणात सडा टाकला नाही. विचारा तिला, सड्यावाचून कसं वाटतं ते. दारात कोणी आलं की ती आधी पायाखालच्या धुळीबद्दल माफी मागते, मग या म्हणते.

माझा तिच्यावरचा संशय गेला. दुसऱ्या एकावरचा जाणार नाही. पेटीची जाळी बदलायला खात्याचा माणूस दर महिन्याला यायचा. तिच्या ओल्या अंगणात खुर्ची टाकून बसायचा, तिच्या हातचा मक्याच्या पिठाचा वाफवलेला गरम कोरुंदा खायचा, वर तिखट साल्सा मागून घ्यायचा. दोरीवरची ओली शाल त्याला दिसली नाही? पेटीखालचा चिखल दिसला नाही? मी फोनवर विचारलं तर म्हणाला, "मॅडम, माझं काम जाळी बदलणं." खातं म्हणतं, आकडे आले ते आले, खरे धरले जातील. कोणाला काही सांगायचं असेल तर सुनावणीत सांगा.

ओबदुलिया सांगणार आहे. मी बोलते म्हटलं तर मलाच गप्प केलं. "शाल माझी होती. तोंडही माझंच पाहिजे." क्रिस्पीनची मंडळी नळाशी अजून कुजबुजतात की म्हातारी पढवलेलं बोलेल. साहेब लोक मान हलवतील आणि आकड्यांच्या कागदाकडे बघतील. एकटी बाई उभी राहिली की तिला खोटं पाडायला फार कष्ट पडत नाहीत.

सुनावणी गुरुवारी संध्याकाळी, शाळेच्या सभागृहात. तुम्ही या. मागे भिंतीला टेकून उभे राहू नका, पुढे येऊन तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसा. आणि तो जाळीवाला दिसला, तर माझ्याआधी तुम्हीच त्याला विचारा: तुला काय काय दिसलं होतं?