काचेवरचा पडदा
जळक्या वायरीचा वास आला की निमोण्यातलं आमचं अंगण आठवतं. कंपनीनं भंगारात काढलेल्या मिनीबसचं मी फिरतं घर केलं होतं. वडिलांना, म्हणजे आप्पांना, तरुणपणी मेंढरं चारलेली रानं पुन्हा बघायची होती. निघायच्या दिवशी सकाळी मी आठवडाभर खपून बनवलेला, मोटरवर चालणारा पडदा पुढच्या काचेला बसवला. बटण दाबलं, पडदा खाली आला आणि मोटर जळाली; आता तो वर जाईना आणि समोरचा रस्ता दिसेना. नवं धोतर नेसून पुढच्या सीटवर बसलेले आप्पा म्हणाले, "काढून ठेव की तो. उन्हाची सवय हाय मला." आठवडाभराची मेहनत उतरवायची म्हटल्यावर मी खेकसलो, "तुम्हाला ह्यातलं काय कळतंय? पुढच्या रविवारी जाऊ." ते धोतर सावरत खाली उतरले. तो रविवार यायच्या आधीच आप्पा गेले. परवा मी तो पडदा काढला. चारच स्क्रू होते. पाच मिनिटंही लागली नाहीत.