मेव्हण्याची मान आणि कटकटमामा

सलूनवाल्या मामांना गल्लीत सगळे कटकटमामा म्हणत. दाढी झाली की ते गिऱ्हाइकाची हनुवटी धरून मान डावीकडे कट्, उजवीकडे कट् अशी मोडून देत. कात्रीत त्यांचा हात जेमतेमच. एका कल्ल्याचा दुसऱ्याशी कधी मेळ बसला नाही. पण त्या दोन कटांसाठी लोक रांग लावत.

एका सकाळी त्यांचा मेव्हणा आला. अंगाने पिंप, आवाजाने भोंगा. आज मात्र अख्खं धड वळवून बघत होता, कपाट सरकवल्यासारखं.

"भावोजी, मान आखडलीय. दोन कट् काढा."

मामांनी बाह्या सरसावल्या. "झोपेत अवघडली का रे?"

"छे! काल पंखा काढताना शिडीवरून पडलो. डोक्यावर."

"अरे देवा! मग?"

"मग काय, पंखा वाचला!"

एवढं बोलून त्याने चहाचा कप उचलला, तो बोटांतून निसटून थेट मांडीवर. "सकाळपासून हाताला मुंग्या येतायत," तो म्हणाला. "येतील नि जातील."

मामांनी सरसावलेल्या बाह्या खाली ओढल्या. वस्तादांनी शिकवलेलं ते बरंच विसरले होते, पण एक ताकीद पक्की होती: पडल्यावर दुखणारी, तापात आखडलेली किंवा हातापायांतली ताकद नेणारी मान आधी डॉक्टरची, मग आपली.

"हलू नकोस! मानेने होसुद्धा म्हणू नकोस!"

"मग कशाने म्हणू?"

"तोंडाने! ते तरी कधी दुखत नाही तुझं!"

मामांनी त्याचं डोकं दोन्ही हातांनी जागच्या जागी धरून ठेवलं. अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकाने फेसाळल्या गालाला फोन लावून रुग्णवाहिका बोलावली. रुग्णवाहिकेच्या माणसांनी पट्टे बांधून मेव्हण्याला बाहेर काढलं, तेव्हा तो आडव्यानेच ओरडत होता, "केस तरी कापा आलोच आहे तर!"

तपासणीत मणक्याला तडा निघाला. "ही मान कुणी मोडायला गेलं नाही, हे नशीब," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. न केलेल्या कामाबद्दल मामांना प्रथमच शाबासकी मिळाली. पाठोपाठ तंबीही मिळाली, की यापुढे कुणाचीच मान मोडायची नाही. मामांनी ती मानली.

मेव्हण्याचा हात हळूहळू सुधारला. मानेला पट्टा लावून तो तीन महिने बहिणीकडेच राहिला. पट्ट्यामुळे खाली बघता येत नसे, त्यामुळे ताटात काय उरलंय ते त्याला कधीच दिसलं नाही. तो आपला वाढ म्हणत राहिला आणि मामी वाढत राहिल्या.