घरातलं आजारपण

"श्वास सोडा हो. माझ्यासमोर पोट आत ओढून काय मिळणार?"

कमरेभोवती टेप घेतली की तो असं म्हणायचा, आणि गिऱ्हाईक ओशाळलं की स्वतःचंच ढेरपोट थोपटून दाखवायचा. म्हैसूरला आमच्या गल्लीत, माझ्या घराला लागूनच त्याचं शिंप्याचं दुकान होतं. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याच्याकडे कपडे शिवायला कमी आणि नुसती बसायलाच जास्त माणसं जातात.

बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा नंजनगूडच्या कारखान्यात, सणाला तोंड दाखवणारा. घरात उरली चिंधी. दुकानाबाहेरच्या कापडाच्या तुकड्यांत कुणीतरी टाकून गेलेलं हे कुत्र्याचं पिल्लू, म्हणून नाव चिंधी. मशीन सुरू झालं की ती त्याच्या पायांशी येऊन झोपायची. एखादा पैसे बुडवून गेला की तो तिलाच रागवायचा. "भुंकायला काय झालं होतं ग तुला? सुम्ने बसून खातेस!"

सुम्ने म्हणजे उगाच; आमचं मराठी असंच, निम्मं कन्नडात भिजलेलं.

एक दिवस चिंधीच्या पोटाखाली गाठ दिसली. जनावरांच्या डॉक्टरांनी कॅन्सर सांगितला. ऑपरेशन करून पुढे इंजेक्शनं दिली तर वाचेल, म्हणाले. खर्च ऐकून तो तसाच माझ्याकडे आला, कारण मी शाळामास्तर, चीटीचा हिशेब मीच सांभाळायचो.

चीटी म्हणजे तुमची भिशी. दर महिन्याला विठ्ठलाच्या देवळात भजन झालं की ती निघायची. ज्याला नड असेल त्याने बोली लावायची. जो सर्वांत जास्त रक्कम सोडेल, त्याने उरलेली उचलायची. पण आमच्या लोकांत एक रीत होती. एखादा उठून 'घरात आजारपण आहे' म्हणाला की बाकीचे गप्प बसत आणि पूर्ण चीटी त्याला मिळे.

"मास्तर, चिंधीला कॅन्सर झालाय असं सरळच सांगतो. चालेल ना, अल्वा?"

"वेडा आहेस का? हसतील. घरात आजारपण आहे, एवढंच म्हण. ती घरातच राहते ना?"

"देवळात बोलायचंय मास्तर."

"कुणी विचारलंच तर मी आहे."

तो दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. त्याला ते पटलं नव्हतं. पण मास्तर म्हणतात म्हणजे ठीकच असणार, असं तेव्हा सगळ्यांनाच वाटायचं. मलाही.

त्या संध्याकाळी भजन संपल्यावर तो उठला. "घरात आजारपण आहे," म्हणाला आणि खाली बघत उभा राहिला. सगळे गप्प झाले. इतक्यात जवळ बसलेल्या कापडवाल्या व्यापाऱ्याने आपुलकीनेच विचारलं, "अय्यो, कुणाला काय झालं? मास्तर, तुम्ही शेजारी. कोण आजारी आहे?"

सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले. त्यानेही मान वर केली. अगदी विश्वासाने.

आपण सांगून हे करवलं हे कळलं तर, एवढंच मनात आलं. आणि मी हसलो.

"अहो, त्याचं कुत्रं! मला तरी काय माहीत, हा असा उठून उभा राहील म्हणून?"

देऊळभर हशा पिकला. कुणी म्हणालं, "मग माझी म्हैसही गाभण आहे!" कुणी म्हणालं, "पांडुरंगासमोर खोटं?" ते त्याहून वाईट होतं, कारण त्यानंतर हसू थांबलं.

माझ्याकडे बोट दाखवायला त्याला एक क्षण पुरला असता. त्याने दाखवलं नाही. बोली सुरू झाली तेव्हा तो पुन्हा पुन्हा आकडा वाढवत गेला, आणि जवळजवळ निम्म्या रकमेवर पाणी सोडून त्याने चीटी घेतली. ऑपरेशनला कमी पडले ते दुकानातल्या दोन मशीनपैकी एक विकून भरले.

त्यानंतर 'देवळात खोटं बोलणारा' हे त्याला चिकटलं. लग्नाघरचे कपडे दुसरीकडे जाऊ लागले. पुढच्या वर्षीच्या चीटीत त्याला घ्यायचं नाही असं ठरलं, तेव्हा मी तिथेच बसलो होतो. घेतलेल्या चीटीचा प्रत्येक हप्ता मात्र त्याने वेळेवर भरला. मला आपण होऊन दुकानात बोलावणं त्याने बंद केलं. मीही गेलो नाही.

तो गेला त्यालाही आता पुष्कळ दिवस झाले. शोकसभेत सगळे चांगलं बोलले. शेवटी कुणीतरी म्हणालंच, "एक तेवढी कुत्र्याची गोष्ट सोडली, तर माणूस सोन्यासारखा." मी मान डोलावली. म्हातारपणीसुद्धा डोलावली. म्हणून हे लिहितो आहे. ते खोटं त्याचं नव्हतं. मी त्याला शिकवलं, आणि त्याला तिथे एकटं उभं करून मी बाजूला झालो.

चिंधी ऑपरेशननंतर दोन-तीन वर्षं जगली. इंजेक्शनं चालू होती तेव्हा एकदा ती दोघं मला दवाखान्याच्या रस्त्यावर भेटली. रिक्षात तिला मांडीवर घेऊन तो बसला होता. तिच्या पोटावरचे केस कापलेले, टाके दिसत होते. रिक्षा सुटायच्या बेतात होती. मी रिक्षाजवळ थांबलो.

तोच म्हणाला, "काळजी करू नका मास्तर. तुमचं नाव मी कुणाला सांगितलं नाही." मग तिच्या कानामागे खाजवत म्हणाला, "हिला तेवढं सांगितलं."

चिंधीने माझ्याकडे पाहिलं, आणि अशक्तपणामुळे जमेल तेवढी शेपटी हलवली.

रिक्षा निघून गेली.