कन्नड ते नाथसागर, खिशात बोटाएवढं अडॅप्टर

पैठणला लोक पैठणी बघायला जातात. मी गेलो ते स्वतःची चूक निस्तरायला.

खंडेनवमीला आमच्या घरी हत्यारं पूजेला बसतात. मी सातवी शिकलेला, साखर कारखान्यात वायरमन होतो. पक्कड, टेस्टर, पाने असं सगळं पाटावर मांडतो. माझी मुलगी मनीषा सणाला कन्नडला आली होती. कारखान्यातल्या आणि पंपघरातल्या कंट्रोल पॅनेलना लॅपटॉप जोडून ती त्यांचे प्रोग्रॅम भरते. तिच्या बॅगेतलं यूएसबी अडॅप्टर मला हत्यारच वाटलं. न विचारता काढलं, पाटावर ठेवलं, ओली हळद आणि कुंकू वाहिलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती पहाटेच कामावर गेली. अडॅप्टर पाटावरच राहिलं.

नऊ वाजता तिचा फोन आला. "अण्णा, माझं अडॅप्टर घरी विसरलंय का बघा हो. निळं, बोटाएवढं."

"हाय," म्हणालो. कुणामुळं राहिलं ते सांगायची हिंमत झाली नाही.

ती पैठणच्या अलीकडं, धरणाकाठच्या एका पंपघरात होती. दोन दिवस पंप बंद, गावाची टाकी कोरडी. पॅनेलच्या कंट्रोलरमधला प्रोग्रॅम पुसला गेला होता. प्रोग्रॅमची प्रत तिच्या लॅपटॉपमध्ये होती, पण पॅनेलचं सॉकेट जुनं, नऊ पिनांचं, आणि लॅपटॉपला फक्त यूएसबी. मधला पूल माझ्या पाटावर. नवीन घेतलं तर त्या जुन्या कंट्रोलरशी जमेलच याची तिला खात्री नव्हती. मी पिशवी उचलली.

जाणार असाल तर कन्नडहून सकाळची एसटी धरा. पासष्टच्या पुढं अर्धं तिकीट लागतं, आधार कार्ड मात्र जवळ ठेवा. मी ते चार वेळा चाचपलं आणि अडॅप्टर चाळीस वेळा. कंडक्टर म्हणाला, "बाबा, छातीत दुखतंय का? सारखा हात खिशावर हाय तुमचा."

वेरूळपर्यंत मका गुडघ्याएवढाच वाळून उभा होता. पडेगाव आलं आणि इमारती सुरू झाल्या. दोन वर्षांपूर्वी जिथं ज्वारी पाहिली तिथं आता सात मजले. एवढ्या मजल्यांवर पाणी कसं चढत असेल, याचीच मला काळजी.

शहरात मध्यवर्ती स्थानकावर उतरलो आणि अडॅप्टर काढून बघितलं. पिनांच्या मधे हळद वाळून बसलेली! समोर मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानदारानं डोळ्याला भिंग लावलं आणि हसायलाच लागला.

"चचा, इसकू हल्दी कायकू लगाये? शादी है क्या इसकी?"

"पूजा केली हो. खराब झालं का?"

"नक्को घबराव." त्यानं ब्रश स्पिरिटमध्ये बुडवून एकेक पिन साफ केली. पैसे घेतले नाहीत. वर म्हणाला, "नान-खलिया खा के जाव." इथला तो मटणाचा रस्सा आणि नान मी बसच्या घाईत सोडला. तुम्ही मात्र खाऊन जा.

पैठणच्या बसमध्ये खिडकीशी बसा. बिडकीनजवळ नव्या औद्योगिक वसाहतीचे रस्ते दिसतात. एवढे रुंद, की त्यावरून जाणारा एकटा बैल मुंगीएवढा वाटला. दिव्यांचे खांब पार लांबवर गेलेले, कारखाने अजून यायचेत. तोंडाचा आ मिटेना.

पैठणच्या अलीकडं फाट्यावर मनीषानं पाठवलेला पंप ऑपरेटर रंगनाथ मोटरसायकल घेऊन आला होता. पन्नाशीचा, घरी अजून मेंढरं असलेला. "काका, घट्ट बसा. टँकर आला नाय. मेंढरं कोरड्या हौदाला तोंड लावून उभी हायेत." नाथसागर इतका आटला होता, की एरवी लाटा असतात तिथं भेगा होत्या.

पंपघरात मनीषा पॅनेलपुढं स्टुलावर. तिनं माझ्या हातातून अडॅप्टर घेतलं, एक टोक लॅपटॉपला, दुसऱ्याला केबल, केबल पॅनेलला. पडद्यावर लाल अक्षरं आली.

"जोडलं जात नाहीये," ती म्हणाली.

आता सांगावंच लागलं. "मने, चूक माझी हाय. तू विसरली नव्हतीस. मीच बॅगेतून काढून पूजेला ठेवलं. हळद गेली आत."

ती स्टुलावरच वळली. "अडॅप्टरची पूजा केलीत?"

तेवढ्यात मागून रंगनाथ पुटपुटला, "ताई, मग माझं बी ऐका. खंडेनवमीला मशिनीला विसावा म्हणून मी मेन स्विच पाडला. पॅनेल पुसून हार घातला. चालू केलं तर काहीच हालंना. भ्यानं बोललो नाय."

मनीषानं कपाळावर हात मारला. "आतली बॅटरी कधीच मेलेली असणार. लाइट होती म्हणून याला सगळं आठवत होतं. तुम्ही विसावा दिलात आणि हा सगळं विसरला!" मग ती खदखदून हसली. "दोघंही सारखेच. आणि अण्णा, हळदीचं काही नाही. मी यूएसबी लॅपटॉपच्या दुसऱ्या भोकात घातलं, म्हणून पोर्टचा नंबर बदललाय."

तिनं लॅपटॉपवर नवा नंबर टाकला. अडॅप्टरमधला बारका दिवा लुकलुकायला लागला.

मी आयुष्यभर जाड केबली ओढल्या, पण असं कधी बघितलं नव्हतं. लॅपटॉप विचारत होता, कंट्रोलर उत्तर देत होता, आणि दोघांचं बोलणं त्या बोटाएवढ्या तुकड्यातून चाललं होतं. पंप कधी सुरू करायचा, पाणी किती खाली गेलं की थांबायचं, सगळं त्याला चहा निवेपर्यंत पुन्हा शिकवून झालं. मी आपोआप हात जोडले.

मनीषानं बॅगेतली नवी बॅटरी बसवली, सगळं दोनदा तपासलं आणि रंगनाथला बटण दाबायला सांगितलं. मोटर घुमली. जमीन तळव्याखाली थरथरली. रंगनाथ पाइपाला मिठी मारून उभा राहिला. "चढलं, काका! चढलं!"

संध्याकाळच्या एसटीनं परत आलो. बायको म्हणाली, "एवढं पैठणला जाऊन हात हलवत आलात?" काय आणलं ते सांगता येईना. पॅनेलची गोष्ट सांगितली, तर म्हणाली, "मग तुम्हालाबी तशी नवी बॅटरी बसवा. चष्मा कुठं ठेवला ते आठवंल."

झोप काही लागली नाही. बॅटरी सैल असली तर? लाइट गेली तर? सकाळी रंगनाथला फोन केला. दुसऱ्या दिवशीही केला. चौथ्या दिवशी तो वैतागला. "काका, माझ्यावर भरवसा नाय व्हय? थांबा, बोलू नका."

त्यानं फोन पाइपाला लावला. मी इकडं कन्नडला, कान दाबून, ते पाणी वर चढताना ऐकत बसलो.