देव माप सांगतो

आमच्या जऊळक्यात ब्लाउज शिवणारी एक बाई आहे. ती ओठांत टाचण्या धरूनच बोलते. तिचा तरुण मुलगा इथल्याच स्टेशनावरून गाडीत बसला, तो परत आला नाही. दर दिवाळीला ती त्याच्यासाठी शर्टपँट शिवते. कापड बेतण्याआधी टेप हातात घेऊन देवाच्या फोटोसमोर बसते आणि कान देऊन ऐकते.

यंदा तिने पँटची कंबर वाढवली.

"काहून वाढवली?" मी विचारलं.

"पोट सुटलं त्याचं."

"कोणी सांगितलं?"

"देवानं. ‘त्याले घरी आण’ म्हटलं की गप राह्यते. माप मात्र सांगते."

"घरी आणत नाही, तर मग देवावर भरोसा कायले ठेवता?"

"मेलेल्याचं माप कायले सांगन तो, ताई?"

मी माझ्या ब्लाउजचं कापड तिच्यापुढे ठेवलं.

परवा ब्लाउज आणायला गेले, तर मशीनवर माझ्याच उरलेल्या कापडाचं एक झबलं होतं, तळहाताएवढं.

"नात झाली," ती म्हणाली.

मी फोटोकडे पाहायचं टाळलं.

"बटणं नका लावू," मी म्हणाले. "बाळाले टोचतात. बंद लावा."