तीन मिनिटं उशीर

गल्लीत त्यांना सगळे टिकटिककाका म्हणत. घड्याळं दुरुस्त करून करून मान वाकलेली, एका डोळ्याला भिंग आणि ओठांत सिगारेट. राख घड्याळात पडू नये म्हणून तोंड वाकडं करून ओढायचे. गिऱ्हाइकाला वाटायचं, आपल्या घड्याळाला नाक मुरडताहेत.

लेकीला मुलगी झाली आणि काका कचाट्यात सापडले. "बाबा, सलग चाळीस दिवस सिगारेट नको. मगच नात हातात मिळेल," असं बजावून तिने दवाखान्याच्या सिगारेट सोडवणाऱ्या मेसेज-योजनेत त्यांचं नाव घातलं. तल्लफ कधी येते, असं तिथल्या बाईंनी विचारलं. काका म्हणाले, "अकराला. ठोक्याला."

पहिल्या दिवशी मेसेज आला : 'पाणी प्या, जरा फिरून या.' काकांनी भिंतीवरची चौदा घड्याळं पाहिली आणि उत्तर धाडलं : 'तीन मिनिटं उशीर. तेवढ्यात अर्धी ओढून होते.'

लगेच उलट मेसेज : 'शाब्बास. आज तुमचा पहिला दिवस.'

"तिकडे वाचणारं कोणी नाही वाटतं," काका कुरकुरले.

"तीस वर्षं मी बोलले, तेव्हा इकडे तरी ऐकणारं कोण होतं?" काकू म्हणाल्या.

तरी तीस दिवस निभावले. एकतिसाव्या दिवशी, त्याच तीन मिनिटांत, शेजारच्या शिंप्याची एक मागून काकांनी ओढलीच. संध्याकाळी मेसेजने विचारलं : 'आज ओढलीत? हो असेल तर १ पाठवा, नसेल तर २.'

कोणाला कळणार होतं? नऊ दिवसांत नात मांडीवर आली असती. अंगठा दोनवर गेलासुद्धा. पण बंद घड्याळाचे काटे नुसते बरोबर लावून मागणाऱ्या गिऱ्हाइकांना काकांनी जन्मभर पायरीवरूनच परत पाठवलं होतं. त्यांनी एक दाबला.

'हरकत नाही. उद्या पुन्हा पहिला दिवस.'

मग त्यांनी स्वतःच लेकीला फोन करून, मेसेज यायच्या आधीच्या तीन मिनिटांत ओढल्याचं सांगितलं.

"कोणी पाहिलं होतं?" तिने विचारलं.

"शिंप्याने. तो बोलणारा नाही."

"मग सांगितलंत कशाला?"

"तुला चाळीस द्यायचेत ना? त्यात एक खोटा कसा घालू?"

"बरं. मोजा एकपासून," एवढंच ती म्हणाली आणि फोन ठेवला. काकांचं जेवणात लक्ष लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी अकराच्या ठोक्याला दुकानातला फोन वाजला. पलीकडे नात टाहो फोडत होती.

"ऐका तिचं," लेक म्हणाली. "तीनच मिनिटं. मेसेज आला की ठेवते."