पुसलेले बारा

रुदैना आमच्या शाळेत सरावासाठी आली तेव्हा मोरोक्कोत, आमच्या मेकनेसमध्ये राहून तिला चारच महिने झाले होते. मूळची जॉर्डनमधल्या इर्बिदची. वडील शिंपी. शिष्यवृत्ती मिळवून इथल्या अध्यापक विद्यालयात आलेली, पण वसतिगृहात सगळ्या तिच्याच मुलखाकडच्या मुली, त्यामुळे आमची बोली तिच्या कानावर फारशी पडलीच नव्हती.

त्या सकाळी व्हरांड्यात ती माझी वाट बघत उभी होती.

"नुजहाबाई, मुलांना माझं बोलणं समजेल ना?"

"अगं, अरबीच बोलणार ना तू? मग झालं तर," मी म्हटलं.

दुसरीचा वर्ग माझाच, पण शेजारच्या पहिलीच्या बाई आजारी पडल्या होत्या. मुख्याध्यापकांनी मला तिकडे बसवलं. मागच्या बाकावर बसून मी तिचा पाठ बघायचा, तर ती एकटीच आत गेली.

फळ्यावरचा पाठ छान झाला. पुस्तकातली भाषा सगळीकडे एकच. मग तिने पाट्या काढायला लावल्या आणि गणित घातलं, सात अधिक पाच. पहिल्या बाकावरच्या हिबाने झटकन बारा लिहून पाटी वर धरली. रुदैना हसली आणि म्हणाली, "माशि!"

हिबाने पाटीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि ओल्या फडक्याने बारा पुसून टाकले.

रुदैनाला वाटलं, पोरीला घाई असेल पुढच्या गणिताची. ती दुसऱ्या पाटीकडे वळली. तिथेही बारा. "माशि, माशि," म्हणत तिने त्या मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला. त्यानेही पुसलं. रांगेच्या शेवटापर्यंत ती पोचली तोवर मागे एकाही पाटीवर बारा उरले नव्हते. हिबाने आता तेरा लिहिले होते.

"नाही गं, तेरा कसे?" रुदैना म्हणाली.

हिबाने अकरा लिहिले. तेही नाही. मग पुन्हा बारा लिहून तिने भीतभीत पाटी वर धरली. रुदैना खूश झाली. "माशि!"

हिबा भोकाड पसरून रडायला लागली. "बाई, मग किती? तुम्हीच सांगा ना किती!"

भिंतीपलीकडून मला रडणं ऐकू येतच होतं. तेवढ्यात रुदैना दारात आली. चेहरा उतरलेला.

"बाई, ही मुलं माझी थट्टा करतायत का हो? बरोबर उत्तर लिहितात आणि पुसतात."

मी गेले. हिबाला जवळ घेतलं. "काय झालं गं?"

"बाई हसतात आणि नाही म्हणतात," ती हुंदके देत म्हणाली.

मी रुदैनाला विचारलं, "काय म्हणालीस तू हिला?"

"म्हटलं, माशि."

"का बरं? बारा बरोबरच आहेत की."

"हो ना! बरोबर आहेत म्हणूनच तर माशि."

"बरोबर आहेत म्हणून नाही?"

"नाही कशाला? माशि!"

खरं सांगते, क्षणभर मलाच वाटायला लागलं की सात न् पाच बारा होतात की नाही कोण जाणे. तेवढ्यात मागून सुकैना नावाची मुलगी म्हणाली, "टीव्हीवरच्या मालिकेतली बायको असंच बोलते. नवऱ्याने साखळी आणली की म्हणते माशि, आणि घालते गळ्यात."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. तिच्या मुलखात 'माशि' म्हणजे 'बरं, चालेल'. आमच्याकडे तोच शब्द म्हणजे 'नाही'. त्यांच्याकडच्या त्या मालिका मीही रोज बघते, पण समोर पोर रडत असताना मालिका कुठली आठवायला!

मुलांना समजावलं. ती खिदळली. रुदैना मात्र हसली नाही. त्यानंतर दिवसभर तिने तोंडातून शब्द काढायच्या आधी माझ्याकडे बघून घेतलं. "'बस' चालेल का? 'चल' चालेल?" मधल्या सुट्टीत तिने पाव-ऑलिव्हचा डबा उघडला, पण घास तसाच हातात.

"चार महिने मी दुकानदारालाही माशि म्हणतेय. म्हणून तो दरवेळी वस्तू परत फळीवर ठेवायचा होय!"

शाळा सुटल्यावर आमची सफाईवाली लल्ला फदमा व्हरांडा पुसत होती. वय झालेलं, गुडघे दुखतात, तरी ती एकटीच सगळं आवरते. रुदैनाला भरून आलं. जाता जाता ती प्रेमाने म्हणाली, "देव तुम्हाला आफिया देवो, मावशी!"

तिच्याकडे आफिया म्हणजे आरोग्य. आमच्याकडे आफिया म्हणजे आग.

लल्ला फदमाने फडकं पिळता पिळता सोडलं. "मला आग?" ती माझ्याकडे वळली. "मी काय वाकडं केलंय हो हिचं? आत्ता कुठे तोंड बघतेय हिचं मी!"

रुदैना अजून गोड हसतच होती. दिवसभरातलं हे एक तरी वाक्य नीट गेलं अशी तिची समजूत. मला हसू आवरेना, आणि हसता हसता दोघींना समजवायचं म्हणजे कठीणच. मी कसंबसं सांगितलं. रुदैना पायरीवर मटकन खाली बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. ती रडतेय की हसतेय, मला कळेना. विचारलं तर म्हणाली, "मलाही कळत नाहीये."

लल्ला फदमाने बादली उचलली. "हिच्या पूर्वेकडच्या मुलखात आगीने तब्येत सुधारते म्हणायची," एवढंच पुटपुटली.

रुदैनाने सराव पूर्ण केला. आज ती इथल्याच एका खाजगी शाळेत शिकवते आणि आमच्या मुलांसारखीच आमची बोली बोलते. परवा सुट्टीत इर्बिदला जाऊन आली. तिची आई म्हणाली, "अगं, तू काय बोलतेस ते कळेल असं बोल ना जरा!"